वर्षाचे पैसे आगाऊ घेणारे डॉक्टर: सभासदत्वाच्या करारावर सही करण्यापूर्वी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एका दवाखान्याचे पत्रक लागले. पती-पत्नीने मिळून वर्षाला २४,००० रुपये आगाऊ भरावेत. त्याबदल्यात नंबर न लावता त्याच दिवशी भेट, डॉक्टरांचा मोबाईल क्रमांक, वर्षातून एकदा ‘संपूर्ण शरीराची तपासणी’ आणि गरज पडल्यास घरी व्हिजिट मिळेल, असे त्यात म्हटले होते. आमच्या इमारतीतील निम्म्याहून अधिक घरांत सत्तरी ओलांडलेली दोघेच राहतात आणि मुले अमेरिकेत किंवा बंगळुरूला असतात. पत्रकाचा फोटो तिकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘भरून टाका, पैशांचा विचार करू नका’ असा निरोप इकडे आला. माझी सारी नोकरी बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली असल्यामुळे त्या महिन्यात चार घरांनी तो करार माझ्याकडे वाचायला दिला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयी काही सांगणे माझ्या अधिकारात नाही. परंतु असा करार हाती आल्यावर काय मोजावे, काय विचारावे आणि आपण भरलेल्या पैशांचा परिसरातील इतर रुग्णांवर काय परिणाम होतो, हे त्या निमित्ताने मला जेवढे उमगले तेवढे येथे मांडतो.

ही पद्धत आहे तरी काय

खटला असो वा नसो, वकिलाला वर्षाची रक्कम देऊन बांधून घेण्याला रिटेनर म्हणतात. तोच व्यवहार येथे डॉक्टरांशी केला जातो. आगाऊ वार्षिक मोबदल्याची कल्पना आपल्याला परकी नाही. गावगाड्यात सुताराला, लोहाराला किंवा न्हाव्याला कामागणिक पैसे न देता सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात वर्षाचे बलुते घातले जाई. मात्र बलुतेदार साऱ्या गावाचा असे. रिटेनरवरचे डॉक्टर पैसे भरणाऱ्यांचेच असतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे धोरणाचा विचार करताना सगळा प्रश्न याच फरकापाशी येऊन थांबतो.

आजच्या स्वरूपातील ही प्रथा अमेरिकेत रुजली. १९९६ साली सिएटल येथे ‘एमडी स्क्वेअर्ड’ नावाची प्रॅक्टिस सुरू झाली. व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे डॉक्टर म्हणून काम केलेले हॉवर्ड मॅरन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. खेळाडूंना जशी हाकेसरशी सेवा मिळते तशी ती ऐपत असलेल्या कुटुंबांनाही द्यावी, असा तो विचार होता. २००० साली फ्लोरिडात निघालेल्या ‘एमडीव्हीआयपी’ या कंपनीने शुल्क बरेच खाली आणले, पण एका डॉक्टरामागे सुमारे ६०० रुग्णांची मर्यादा ठेवली. तेथील सर्वसाधारण फॅमिली डॉक्टरांच्या यादीत दोन हजार किंवा त्याहून अधिक माणसे असतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ साली या प्रकाराची पाहणी केली तेव्हा त्याला असे १४६ डॉक्टर आढळले आणि त्यांचे वार्षिक शुल्क ६० डॉलरपासून १५,००० डॉलरपर्यंत पसरलेले होते. २०२३ साली ॲमेझॉनने ‘वन मेडिकल’ ही सभासदत्वावर चालणारी दवाखान्यांची साखळी सुमारे ३९० कोटी डॉलरना विकत घेतली, यावरून या धंद्याने तोवर किती मजल मारली होती ते दिसते.

या पद्धतीचे दोन प्रकार आहेत आणि आपल्या हातातील करार त्यांपैकी कोणता, हे आधी ओळखावे लागते. पहिल्या प्रकारात वार्षिक शुल्क हे केवळ प्रवेशाचे असते. प्रत्येक भेटीची फी वेगळी द्यावी लागते किंवा विमा कंपनीकडून वसूल केली जाते. दुसऱ्या प्रकारात वर्षाच्या रकमेतच सगळ्या भेटी येतात. पत्रकावर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्याकडे आलेल्या करारात ‘विनामूल्य सल्ला’ हे शब्द पहिल्या पानावर होते आणि ‘वर्षाला सहा भेटींपर्यंत’ हे शब्द चौथ्या पानावर.

आधी मागील वर्षाची नोंद काढावी

दवाखान्याला प्रश्न विचारण्याची घाई करू नये. आधी स्वतःची फाइल काढावी. मागील बारा महिन्यांत किती वेळा डॉक्टरांकडे गेलो, प्रत्येक वेळी किती फी दिली, किती वेळ वाट पाहिली, किती वेळा डॉक्टर भेटले नाहीत म्हणून काम अडले आणि किती वेळा घरी बोलवावे लागले, हे एका कागदावर लिहावे. केस पेपर, मोबाईलवरील पैसे दिल्याच्या नोंदी आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांतून बहुतेक माहिती निघते. ज्या घरी दुधाचे खाडे लिहिलेले सापडतात तेथे डॉक्टरांच्या तारखाही सापडतात, असा माझा अनुभव आहे.

एका जोडप्याचा हिशेब उदाहरणादाखल देतो. काकांच्या नऊ आणि काकूंच्या सात अशा सोळा भेटी झाल्या होत्या; ४०० रुपयांप्रमाणे त्यांचे ६,४०० रुपये झाले. दोन वेळा घरी व्हिजिट झाली, तिचे १,००० रुपयांप्रमाणे २,००० रुपये. म्हणजे वर्षाचा खर्च ८,४०० रुपये. सभासदत्वाच्या २४,००० रुपयांतून तो वजा केला की १५,६०० रुपये उरतात. त्यातील वार्षिक तपासणी दोघांनी त्याच लॅबमध्ये स्वतंत्रपणे करून घेतली असती तर ३,००० रुपये पडले असते. राहिलेले १२,६०० रुपये हे नंबर न लावण्याचे आणि फोन क्रमांकाचे मोल. सोळा भेटींत प्रत्येकी पाऊण तास धरला तर वर्षाला बारा तास वाट पाहण्यात गेले होते. तो वेळ वाचवण्यासाठी तासाला १,०५० रुपये पडत होते. काका म्हणाले, “अहो, तिथे बसल्यावर निम्मी ओळखीची माणसे भेटतात. पैसे भरून तेही बंद करायचे का?” त्यांनी सही केली नाही.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या घरात अगदी उलटा आला. तेथील आजी एकट्या राहतात. त्यांना मधुमेह आहे, हृदयाचा त्रास आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि तीन तज्ज्ञ डॉक्टर मिळून त्यांना अकरा औषधे देतात. ती अकरा औषधे एकत्र समोर ठेवून त्यांतले कोणते कमी करता येईल याचा विचार करायला कोणाकडेही अर्धा तास नव्हता. वर्षाची रक्कम घेऊन एखादे डॉक्टर तो अर्धा तास खरोखर देत असतील, तज्ज्ञांशी स्वतः बोलत असतील आणि परदेशातील मुलाला महिन्यातून एकदा कळवत असतील, तर त्या पैशांचे काहीतरी चीज होते. म्हणून वयाकडे किंवा ऐपतीकडे न पाहता गुंतागुंतीकडे पाहावे. ज्यांची औषधे एकच डॉक्टर लिहितात आणि जे वर्षातून सात-आठ वेळा रक्तदाब मोजायला जातात, त्यांच्या हाती नव्याने पडण्यासारखे फारसे काही नसते.

येथे एक गोष्ट विसरली जाते. नॉर्वेमध्ये लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की एकाच फॅमिली डॉक्टरांकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये, एका वर्षाचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि रुग्णालयात तातडीने दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, परंतु दीर्घ ओळखीचे मोल त्यातून दिसते. वीस वर्षांपासून आपली नाडी ओळखणारे पेठेतले डॉक्टर सोडून झगमगीत दवाखान्याचे सभासद होताना नेमकी तीच ओळख आपण टाकून देत असतो, आणि ती नव्या ठिकाणी पैसे भरून पहिल्या दिवशी मिळत नाही.

सभासदत्वात काय येत नाही

सभासदत्व हा विमा नव्हे. तो विकण्याचा अधिकार विमा नियामकाकडे नोंदलेल्या कंपन्यांनाच असतो. दवाखाना रुग्णालयाच्या बिलाचा एक रुपयाही उचलत नाही. हे उघड वाटते, परंतु चारपैकी एका घरात ‘आता डॉक्टर घरचेच झाले’ या समजुतीने मेडिक्लेमचे नूतनीकरण थांबवण्याचा विचार चालू होता. तसे कदापि करू नये. एकदा खंड पडला की नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ नव्याने लागू शकतो, आणि सत्तरीत नवी पॉलिसी मिळणे मुळातच अवघड असते. सत्तर किंवा त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते आधी काढून घ्यावे, त्याला काही पडत नाही. मात्र ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, ओपीडीच्या खर्चाला नाही. सभासदत्व याच्या बरोबर उलट आहे. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

छातीत दुखू लागले, तोंड वाकडे झाले किंवा शुद्ध हरपली तर सभासदत्वाच्या क्रमांकावर फोन लावून उत्तराची वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. डॉक्टरांना फोन नंतर करता येतो. पत्रकातील ‘चोवीस तास’ या शब्दांनी घरातील माणसांच्या मनात हा क्रम उलटा बसण्याचा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून फ्रीजवर चिकटवण्याच्या कागदावर १०८ सर्वांत वर लिहावे.

संपूर्ण शरीराच्या तपासणीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण पत्रकात तीच सर्वांत मोठ्या अक्षरांत असते. लक्षणे नसलेल्या माणसांच्या सरसकट आरोग्य तपासण्यांवर झालेल्या संशोधन-प्रयोगांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने आढावा घेतला आहे. २०१९ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत असे सतरा प्रयोग आणि अडीच लाखांवर माणसे होती, आणि अशा तपासण्यांमुळे मृत्यू कमी होतात असे त्यात आढळले नाही. रक्तदाब, साखर किंवा वयानुसार सुचवलेल्या ठरावीक चाचण्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. पण साठ-सत्तर घटकांचा अहवाल हातात पडला की त्यातील एखादा आकडा लाल रंगात येतोच, आणि मग त्या आकड्यामागे स्कॅन, तज्ज्ञ आणि पुन्हा तपासणी अशी वरात निघते. तपासणीचे मोल ठरवताना चाचण्यांची संख्या पाहू नये. त्यातील कोणती चाचणी आपल्यासाठी आणि कशासाठी, हे डॉक्टर सांगू शकतात का, ते पाहावे.

करार वाचताना

सर्वांत आधी करार कोणाशी होतो आहे ते पाहावे. समोर बसलेल्या डॉक्टरांशी, की ‘वेलनेस’ नाव लावलेल्या कंपनीशी? हा फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. नोंदणीकृत डॉक्टरांना २००२ च्या व्यावसायिक वर्तनविषयक नियमांचे बंधन असते. त्यांनुसार फी आधी सांगावी लागते, रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, तपासणीसाठी किंवा तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी कमिशन घेता येत नाही, रुग्णांना आकर्षित करण्यासाठी जाहिरात करता येत नाही, आणि एकदा उपचार हाती घेतल्यावर पुरेशी सूचना दिल्याशिवाय रुग्णाला सोडता येत नाही. कंपनी मात्र डॉक्टर नसते, त्यामुळे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या वैद्यकीय परिषदेचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्याविरुद्ध ग्राहक म्हणूनच दाद मागावी लागते. म्हणून कंपनीशी करार असेल तर या सगळ्या गोष्टी त्यात स्पष्टपणे लिहून मागाव्यात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

त्यानंतर एकच प्रश्न असा आहे की तो विचारल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही: या डॉक्टरांकडे आज सभासद किती आहेत, आणि किती झाल्यावर नवी नावे घेणे थांबणार? आपण विकत घेत असतो तो डॉक्टरांचा वेळ, आणि तो वेळ कितीजणांत वाटला जाणार हे ठाऊक नसेल तर आपण काय विकत घेतले हेच ठाऊक नसते. ६०० सभासद आणि ३,००० सभासद यांसाठीचे पत्रक शब्दशः सारखे असू शकते. आमच्या सोसायटीत पत्रक लावणाऱ्या दवाखान्यातील बाईंनी या प्रश्नावर ‘तशी काही मर्यादा नाही, सर्वांचे स्वागत आहे’ असे मोठ्या उत्साहाने सांगितले. माझ्या दृष्टीने निर्णय तेथेच झाला. मर्यादा नसेल तर त्याच दिवशी भेट देण्याचे वचन पहिल्या वर्षी पाळले जाते, दुसऱ्या वर्षी ओढाताण होते आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा नंबर लावावा लागतो, तोही पैसे भरून.

फोनबाबत नेमकेपणा हवा. फोन डॉक्टर स्वतः घेणार, की सहायक निरोप घेणार? किती तासांत उलट फोन येणार? डॉक्टर परगावी असताना कोण पाहणार, आणि त्या बदली डॉक्टरांपाशी आपली फाइल असणार का? पुण्यातील ज्येष्ठ डॉक्टरांचीही मुले परदेशात असतात आणि तेही दोन-तीन महिने तिकडे जातात, ही काल्पनिक अडचण नव्हे. शिवाय काही ठिकाणी वार्षिक रक्कम भरून घेतल्यावर प्रत्यक्ष भेट टाळून सगळे व्हिडिओवर उरकण्याकडे कल असतो. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असेल किंवा तशी मागणी करत असेल, तर डॉक्टर दूरसल्ल्याचा आग्रह धरू शकत नाहीत. दूरसल्ल्याच्या फीची पावतीही द्यावी लागते. हा मुद्दा दाखवून ‘प्रत्यक्ष भेटीची मागणी नाकारली जाणार नाही’ हे वाक्य करारात घालून घ्यावे.

लॅब आणि औषधांचे दुकान ठरलेले असेल तर सावध व्हावे. ‘सभासदांना वीस टक्के सवलत’ या वाक्यापुढे कोणत्या दरावर वीस टक्के, हे विचारावे आणि त्याच चाचणीचा दर दुसऱ्या दोन ठिकाणी फोन करून पाहावा. बाहेरून केलेले रिपोर्ट हे डॉक्टर वाचतील का, याचे उत्तर लेखी नसेल तर सवलतीला बांधिलकीचा वास येतो.

पैसे परत मिळण्याच्या कलमाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण बँकेत आयुष्यभर तेच केले. सभासदाचा मृत्यू झाला, तो मुलाकडे कायमचा राहायला गेला, डॉक्टरांनी दवाखाना बंद केला किंवा ते दुसरीकडे गेले, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे कोणत्या हिशेबाने आणि किती दिवसांत परत मिळणार? माझ्याकडे आलेल्या करारात ‘भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे होते आणि त्याच्याच खाली दवाखान्याला कोणतेही कारण न देता सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी आणि अवाजवी करारांची व्याख्या आहे, आणि सबळ कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारी अट त्या व्याख्येत बसते. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. तरीही आयोगापर्यंत जाण्यापेक्षा सही करण्यापूर्वी ते कलम खोडून घेणे सोपे असते. एका घराने तसे खोडून मागितले आणि दवाखान्याने दहा मिनिटांत मान्य केले. सहसा कोणी मागतच नाही.

पहिल्या वेळी वर्षाचे पैसे देऊ नयेत, तीन महिन्यांचे देऊन पाहावे. कार्डावरून किंवा बँकेतून आपोआप नूतनीकरण होण्याची परवानगी कधीही देऊ नये, विशेषतः खाते परदेशातील मुलाचे असेल तेव्हा. तेथून कापली गेलेली रक्कम येथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपले नेहमीचे डॉक्टर या पद्धतीकडे वळले तर

ही वेळ अधिक अवघड असते, कारण येथे निवड आपण केलेली नसते. पहिली गोष्ट म्हणजे रागावून निघून येऊ नये. डॉक्टरांकडे लेखी अर्ज देऊन आपल्या सर्व नोंदींच्या प्रती मागाव्यात, आणि चालू असलेला उपचार दुसरीकडे नीट सोपवला जाईपर्यंत किती मुदत मिळेल ते विचारावे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००३ साली याविषयी दिलेली नैतिक मार्गदर्शक भूमिका वाचण्यासारखी आहे: सभासद न होणाऱ्या रुग्णांना दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत मदत करावी, आणि शुल्क भरणाऱ्यांना अधिक चांगले निदान व उपचार मिळतील असा आभास निर्माण करू नये, सोय विकता येते, वैद्यकीय गुणवत्तेचा दर्जा सर्वांसाठी एकच असला पाहिजे. आपल्याकडील नियमांत रिटेनरचा वेगळा उल्लेख नसला, तरी पुरेशी सूचना देण्याचे बंधन आहे आणि तातडीच्या वेळी मदत नाकारता येत नाही. रुग्ण सभासद नाही, हे त्याला कारण होऊ शकत नाही.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यावी. दिवसाला साठ रुग्ण पाहून थकलेल्या, जागेचे भाडे आणि कंपाउंडरचा पगार वाढत असताना फी वाढवायला कचरणाऱ्या माणसाला हा मार्ग मोहात पाडतो, यात नवल नाही. आमच्या परिसरातील एका डॉक्टरांनी मला सांगितले, “तीन मिनिटांत माणूस तपासताना मलाच लाज वाटते.” त्यांची लाज खरी आहे. प्रश्न असा, की ती तीन मिनिटे तेरा करण्यासाठी कोणाला दाराबाहेर ठेवायचे.

ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांचे काय होते

समजा एखाद्या डॉक्टरांकडे २,४०० माणसे येतात. त्यांनी ६०० सभासदांपुरती प्रॅक्टिस मर्यादित केली, तर १,८०० माणसे दुसरीकडे जातात. एका भागातील चार डॉक्टरांनी तसे केले तर ७,२०० माणसे उरलेल्यांच्या दारात उभी राहतात, तेथील तीन मिनिटांची दोन होतात, आणि मग तेथील ज्यांना परवडते ते सभासदत्वाकडे धाव घेतात. डॉक्टरांची संख्या तेवढीच राहून वेळेची वाटणी बदलली, तर कोणाच्या तरी वाट्याला वजाबाकी येतेच. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की चांगली वैद्यकीय सेवा ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच सर्वांत कमी मिळते, आणि जेथे बाजाराचा जोर अधिक तेथे हे अधिक तीव्रतेने घडते. धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या मालकीणबाई एकाच डॉक्टरांच्या बाकावर बसत, हे पुण्यातील जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांचे वैशिष्ट्य होते. सभासदत्वाने पहिल्यांदा मावशींची जागा जाते.

वर्षाची ठरलेली रक्कम ही मुळातच वाईट गोष्ट आहे, असे मला म्हणायचे नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून फॅमिली डॉक्टरांना यादीतील माणसांमागे सरकार पैसे देते. आपल्याकडे कामगार राज्य विमा योजनेतही नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांना विमाधारकांमागे ठरलेली रक्कम देण्याची पद्धत चालत आली. तेथे पैसे सर्वांच्या वर्गणीतून येतात आणि आजारी किंवा गरीब माणसाला यादीबाहेर ठेवता येत नाही. गावाच्या बलुत्याशी नाते सांगणारी पद्धत ती.

भारतात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून देत होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक सेवेवर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो खर्च १.८४ टक्के होता. प्राथमिक सेवेतील ही पोकळी जितकी मोठी, तितकी सभासदत्वाची बाजारपेठ मोठी. आणखी एक परिणाम हळूहळू होतो. ज्यांचा आवाज महापालिकेपर्यंत पोहोचतो, जे वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात, ते सभासद झाले की नागरी आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाहीत हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

अमेरिकेने हा विषय अगदीच मोकळा सोडलेला नाही. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत जी सेवा आधीच समाविष्ट आहे तिच्यासाठी पुन्हा सभासदशुल्क घेता येत नाही. वर्षाला ६०० डॉलर घेणाऱ्या एका डॉक्टरांवर याच कारणासाठी कारवाई झाली आणि २००४ साली सरकारने इतरांना जाहीर इशारा दिला. वॉशिंग्टन राज्याने २००७ साली अशा करारांसाठी कायदा केला. याउलट जानेवारी २०२६ पासून तेथील करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यांतून महिन्याला १५० डॉलरपर्यंतचे असे शुल्क भरण्यास परवानगी मिळाली आहे, म्हणजे नियंत्रण आणि उत्तेजन दोन्ही एकाच वेळी चालू आहे. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि त्याखालील २०२१ चे सुधारित नियम हे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहेत. केवळ ओपीडी चालवणारे सभासदत्वाचे दवाखाने त्याबाहेर राहतात, आणि केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. सभासदसंख्येची मर्यादा जाहीर करणे, उरलेले पैसे परत देणे आणि सभासद नसलेल्यांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवणे, एवढी तीन बंधने जरी राज्याने घातली तरी बराच फरक पडेल, असे माझे मत आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी आमदारांना निवेदन देताना ‘आरोग्यसेवा सुधारा’ असे मोघम न लिहिता नेमके हे तीन मुद्दे लिहावेत.

आम्ही शेवटी काय केले

चारपैकी एका घराने, म्हणजे अकरा औषधांच्या आजींनी, दुसऱ्या एका डॉक्टरांचे सभासदत्व तीन महिन्यांसाठी घेतले. बाकीच्या तिघांनी मिळून आपल्या जुन्या डॉक्टरांशी बोलणी केली. रोज दुपारी अडीच ते तीन ही वेळ फोनवरील सल्ल्यासाठी, प्रत्येक फोनला २०० रुपये, पावतीसह. आणि महिन्यातून एका शनिवारी विरंगुळा केंद्रात दोन तास, ज्यात औषधांची पिशवी घेऊन येणाऱ्या कोणालाही, सभासद असो वा नसो, प्रत्येकी पंधरा मिनिटे. त्या दोन तासांचे मानधन आमचा ज्येष्ठ नागरिक संघ देतो. डॉक्टरांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले की फोनचे पैसे घेता येतात हे आजवर कोणी सुचवलेच नव्हते.

आजींच्या करारावर मी पेन्सिलीने मुदत संपण्याच्या वीस दिवस आधीची तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी तीन महिन्यांतील फोन आणि भेटी मोजायच्या, अकरांपैकी किती औषधे कमी झाली ते पाहायचे, फाइलची संपूर्ण प्रत हातात घ्यायची आणि मगच पुढचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवायचे.